मैफल निघाली वस्तीकडे

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या तरुणांनी शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम आणि वस्त्यांत जाऊन विनामूल्य कला सादर करणे, ही गोष्ट नवी नाही. मात्र ही सेवा टिकायची असेल तर तिची तयारी, तिचा खर्च आणि तिचे मोल यांचा हिशेब स्वच्छ असावा लागतो. तो मांडताना वर्ध्याशेजारच्या नालवाडीतील एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयोगी पडते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत 'प्रारंभिक'पासून 'विशारद'पर्यंत पोहोचायला विद्यार्थ्याची किमान सहा-सात वर्षे जातात. या काळात तो गुरूसमोर गातो, सहाध्यायांसमोर गातो आणि वर्षातून एकदा परीक्षकासमोर गातो. हे सारे श्रोते जाणकार असतात. राग कोणता, ताल कोणता हे त्यांना सांगावे लागत नाही. कंटाळा आला तरी ते उठून जात नाहीत. पुढे जेव्हा खऱ्या श्रोत्यांपुढे बसण्याची वेळ येते, तेव्हा मोठ्या महोत्सवांची दारे बंद असतात आणि लहान मैफली शहरांतूनही विरळ झालेल्या असतात. विशारदची पदवी हाती आहे, पण आपले गाणे अनोळखी माणसाला बांधून ठेवते की नाही हे ठाऊक नाही, अशा अवस्थेत अनेक तरुण कलावंत उभे असतात.

दुसऱ्या बाजूला असे असंख्य लोक आहेत, ज्यांनी तानपुऱ्याचा जुळलेला षड्ज समोर बसून कधी ऐकलेला नाही. शास्त्रीय संगीत 'आपल्यासाठी नाही' हे त्यांनी ऐकण्यापूर्वीच गृहीत धरलेले असते आणि तसे गृहीत धरायला समाजानेच त्यांना शिकवलेले असते. तरुण कलावंतांनी आपल्या परिसरात जाऊन विनामूल्य कला सादर करावी, या कल्पनेचे मूळ या दोन गरजांच्या भेटीत आहे. ती भेट नेमकी कशी घडवावी, हा मात्र साधा प्रश्न नाही. 'सेवा' या शब्दाच्या आडून कलावंताला फुकट राबवून घेणे सोपे असते. तसेच 'सेवा' म्हणत श्रोत्यांवर उपकार केल्याचा आव आणणेही सोपे असते.

नालवाडीचा धडा

नालवाडीचे नाव संगीताच्या इतिहासात सापडत नाही. वर्धा शहरापासून सुमारे दोन मैलांवरचे हे गाव आता शहराच्या विस्तारात जवळजवळ मिसळून गेले आहे. २३ डिसेंबर १९३२ रोजी आचार्य विनोबा भावे येथे राहायला आले. दलित वस्तीचे हे गाव त्यांनी समजून-उमजून निवडले होते. येथून आसपासच्या खेड्यांत त्यांचे काम वाढले आणि १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. १९३८ मध्ये प्रकृती ढासळल्यावर विनोबा पवनारला गेले.

नालवाडीत विनोबांनी केलेला एक प्रयोग सेवेच्या कोणत्याही चर्चेत लक्षात घ्यावा असा आहे. केवळ सूतकताईच्या मजुरीवर आपला निर्वाह चालवण्याचे त्यांनी ठरवले. रोज तासन् तास कातायचे आणि त्या कामाला चालू दराने जी मजुरी मिळेल तेवढ्यातच भागवायचे. सेवकाने लोकांमध्ये राहावे, पण लोकांवर भार होऊ नये, हा त्यामागचा एक विचार होता. दुसरी गोष्ट त्या प्रयोगातून आपोआप उघड झाली. दिवसभर कातूनही पोटापुरते मिळत नसेल, तर दोष कातणाऱ्याचा नसून दराचा आहे, हे दिसून आले. अखिल भारत चरखा संघाने १९३५ मध्ये कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळावी असे धोरण स्वीकारले, तेव्हा या प्रश्नाची चर्चा वर्ध्याच्या परिसरात चांगलीच रंगलेली होती.

सेवा आणि मजुरी हे शब्द एरवी एकमेकांचे वैरी मानले जातात. नालवाडीत ते एकाच अंगणात नांदले. आधी श्रमाचे न्याय्य मोल, मग त्या बळावर मोकळ्या मनाने केलेली सेवा, हा क्रम संगीतालाही लागू पडतो.

आश्रमातला गवई

प्रशिक्षित शास्त्रीय गायकाने आपले गाणे एखाद्या समूहाच्या दैनंदिन जीवनाला वाहून टाकल्याचे एक ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रानेच दिले आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मूळचे तासगावचे. जन्म १८८९ चा. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांचे ते शिष्य. १९१८ च्या सुमारास गुरूंच्या प्रेरणेने ते गांधीजींच्या सत्याग्रह आश्रमात दाखल झाले, तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. जलशांची वाट सोडून त्यांनी पहाटेची आणि सायंकाळची प्रार्थना, आश्रमातील मुलांचे संगीतशिक्षण आणि भजनांचा संग्रह ही कामे हाती घेतली. 'आश्रम भजनावली' ही त्यांच्या परिश्रमाची सर्वांत परिचित खूण. वेगवेगळ्या भाषांतील भजने एकत्र आणताना त्यांनी रागतालांचे निर्देश दिले, हे विशेष होय. शेकडो माणसांनी एकत्र गायचे म्हणून शास्त्र सैल करावे, असे त्यांना वाटले नाही. गायला सोपी, पण स्वराला पक्की अशी चाल बांधणे हे त्यांचे कौशल्य होते.

१९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालणाऱ्या निवडक सत्याग्रहींत खरे होते. हरिपुरा काँग्रेसच्या तयारीसाठी गेले असता फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. गांधीजी तोवर वर्ध्याला आले होते आणि १९३६ पासून शेगाव म्हणजे पुढचे सेवाग्राम हे त्यांचे निवासस्थान झाले होते. साबरमतीला रुजलेली समूहप्रार्थनेची पद्धत सेवाग्रामच्या झाडाखाली पुढे चालू राहिली. आश्रमात ती आजही चालू आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात हस्तोद्योग, मातृभाषा आणि गणित यांच्या बरोबरीने संगीतालाही स्थान होते. गावातल्या मुलाला सूत आणि सूर दोन्ही यावेत, ही अपेक्षा या परिसरात नऊ दशकांपूर्वीच कागदावर उतरलेली होती.

या कथेला एक कडू बाजूही आहे. खरे यांचे गुरू विष्णू दिगंबर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीत दरबाराबाहेर आणून सामान्य माणसापुढे मांडण्याचे त्यांचे कार्य मोठे होते. अनेक विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार ते स्वतः उचलत आणि त्यासाठी गावोगाव मैफली करीत फिरत. अखेर कर्ज इतके वाढले की मुंबईतील विद्यालयाची इमारत हातची गेली. संगीताचा प्रसार हे ध्येय कितीही उदात्त असले, तरी त्याचा जमाखर्च कुणाला तरी भरावाच लागतो, हे त्या इमारतीने दाखवून दिले.

हजेरी, सेवा आणि स्वयंसेवा

विनामूल्य गाण्याची परंपरा गांधीयुगाच्याही आधीची आहे. देवळात वा दर्ग्यात कलावंताने 'हजेरी' लावायची, बिदागीची अपेक्षा ठेवायची नाही, हा रिवाज भारतभर दिसतो. महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण मिरजेचे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात श्रद्धेने गात. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही त्याच आवारात झाले. उरुसाच्या काळात तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. नामवंत आणि नवोदित एकाच बैठकीवर येऊन गातात-वाजवतात. श्रोत्यांना तिकीट नसते आणि धर्म कुणी विचारत नाही. नवोदिताला येथे मिळणारी गोष्ट पैशांत मोजता येत नाही. ज्येष्ठांच्या आगेमागे बसून तो गातो आणि गावकरी त्याला ऐकतात.

हजेरीत मात्र गाणे देवाला किंवा गुरूला अर्पण होते; श्रोता तेथे योगायोगाने लाभार्थी ठरतो. 'स्वयंसेवा' म्हटल्यावर केंद्र बदलते. तेथे कलावंत एका विशिष्ट श्रोत्यासाठी, त्याच्या जागी आणि त्याच्या वेळी जातो. या आधुनिक वळणाची दोन मोठी उदाहरणे योगायोगाने एकाच वर्षातली आहेत.

१९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक किरण सेठ यांनी 'स्पिक मॅके' ही चळवळ सुरू केली. अमेरिकेत शिकत असताना उस्ताद नासिर अमिनुद्दीन डागर यांचे ध्रुपद ऐकून ते भारावले आणि परतल्यावर विद्यार्थ्यांपर्यंत हे संगीत नेण्याचा ध्यास त्यांनी घेतला. शाळा-महाविद्यालयांत होणाऱ्या या कार्यक्रमांना तिकीट नसते. आयोजनाची सारी धावपळ विद्यार्थी स्वयंसेवक करतात; कलावंत बहुधा मुरलेले असतात आणि नेहमीपेक्षा कमी मानधन स्वीकारतात. सेठ यांनी २०२२ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर काश्मीर ते कन्याकुमारी असा सायकलप्रवास करून वाटेतल्या शाळा-महाविद्यालयांत हाच विषय मांडला.

त्याच १९७७ साली इंग्लंडमध्ये जगद्विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांनी 'लाइव्ह म्युझिक नाऊ' या संस्थेचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांपुढे आणि रुग्णालयांत वादन केले होते. जुलै १९४५ मध्ये बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर बेंजामिन ब्रिटन यांच्या साथीने ते वाजवून आले होते. संगीताची सर्वाधिक गरज असलेला माणूस सभागृहापर्यंत येऊच शकत नाही, हे त्यांनी तेव्हा पाहिले. त्यांच्या संस्थेत मांडणी स्पिक मॅकेच्या उलट आहे. येथे वादक-गायक तरुण असतात. चाचणी घेऊन त्यांची निवड होते, वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत कसे वागावे याचे प्रशिक्षण त्यांना दिले जाते आणि कार्यक्रमाचे मानधनही मिळते. श्रोत्याला मैफल विनामूल्य असते. कलावंताचे श्रम मात्र विनामूल्य धरलेले नसतात. नालवाडीच्या प्रयोगाशी ही भूमिका सहज जुळते.

घड्याळ आणि राग

परिसरात जाऊन गाण्याचा कलावंताला होणारा एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर आहेत. शहरातील मैफली बहुतेक संध्याकाळी सहानंतर सुरू होतात आणि ध्वनिप्रदूषणविषयक नियम, २००० नुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. परिणामी यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री या रागांची गर्दी होते. सकाळचे आणि दुपारचे राग शिकवले जातात, परीक्षेला गायले जातात, पण श्रोत्यांपुढे येत नाहीत.

शाळेचा परिपाठ सकाळी असतो. तेथे तोडी, जौनपुरी, अल्हैया बिलावल यांना आपली वेळ मिळते. दुपारच्या सत्रात वृंदावनी सारंग शोभतो. वृद्धाश्रमात दुपारच्या चहाच्या सुमारास भीमपलास किंवा मुलतानी गाता येतो. ज्या वेळी श्रोता मोकळा आहे, त्या वेळी गायचे असे ठरवले की रागांचे बंद पडलेले प्रहर पुन्हा उघडतात. विद्यार्थ्याला हे कोणत्याही वर्गात मिळत नाही.

दुसरा लाभ आटोपशीरपणाचा. तिसरी-चौथीच्या मुलांपुढे अर्धा तास विलंबित ख्याल चालत नाही. चाळीस मिनिटांत रागाचा चेहरा दाखवायचा, एक छोटी विलंबित रचना, एक द्रुत बंदिश, मुलांना म्हणता येईल अशी सरगम आणि शेवटी एखादे भजन वा नाट्यपद, एवढ्यात सारे बसवायचे तर काय गाळावे हे कळावे लागते. तबल्याचे बोल मुलांनी टाळी-खालीसह हातावर मोजले की सम आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. समेवर दाद घेण्यासाठी श्रोत्याला तालाचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते.

श्रोता कोरा नसतो

'संगीत तळागाळापर्यंत नेणे' या शब्दप्रयोगात एक खोट आहे. तळागाळात संगीत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. विदर्भाचे गाव मात्र कधीच मुके नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने येथे गावोगाव भजनी मंडळे उभी केली आणि सामुदायिक प्रार्थनेची शिस्त घालून दिली. १९५६ च्या नागपुरातील धम्मदीक्षेनंतर भीमगीतांची परंपरा अधिकच बहरली. त्या गायकांच्या लयीला, शब्दफेकीला आणि हजारो श्रोत्यांना धरून ठेवण्याच्या ताकदीला शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या तरुणाने दबकूनच सामोरे जावे, असे ते सामर्थ्य आहे. त्याखेरीज हेही विसरता येत नाही की, शास्त्रीय मैफलीचा उंबरठा जातीपातींच्या भिंतींमुळे अनेकांना दीर्घकाळ दूरचा राहिला आहे. अशा वस्तीत पाहुणा म्हणून जाणारा कलावंत आपलेच तेवढे श्रेष्ठ असे समजून गेला, तर तो गाण्याआधीच बेसूर होतो.

चेन्नईतील ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवस्तीत २०१५ पासून भरू लागलेल्या महोत्सवाने यावर एक वाट दाखवली. कर्नाटक गायक टी. एम. कृष्णा आणि त्यांचे सहकारी तेथे केवळ आपली कला घेऊन गेले नाहीत. एकाच मंचावर कर्नाटक संगीत आणि भरतनाट्यम यांच्या बरोबरीने परई वाद्यवादनासारख्या लोककलाही सादर झाल्या. वैदर्भीय वस्तीत हे याहून सोपे आहे. तरुण गायकाने अर्धा तास गावे आणि पुढचा अर्धा तास गावच्या भजनी मंडळाला द्यावा. मंडळाची एखादी चाल कोणत्या रागाच्या जवळ आहे, हे त्याने गाऊन दाखवले तर दोन्ही बाजूंना नवे काही सापडते. श्रोता तेव्हा लाभार्थी राहत नाही, भागीदार होतो.

रुग्णालयात जाताना

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती रुग्णालयात. संगीताने मन शांत होते, वेळ सुसह्य होतो, हा अनुभव अनेकांचा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत संगीतोपचाराने उदासीनता कमी होण्यास मदत होऊ शकते, असे अभ्यासही झाले आहेत. परंतु प्रशिक्षित उपचारकाने केलेला संगीतोपचार वेगळा आणि स्वयंसेवकाची मैफल वेगळी. अमुक राग ऐकल्याने अमुक आजार बरा होतो, असे सांगणे रुग्णाची दिशाभूल करणारे आहे.

नियमांचेही भान हवे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. रुग्णकक्षाच्या आत तर ध्वनिपातळी ३० डेसिबलच्या आसपास असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवले होते. ही पातळी कुजबुजीएवढी आहे. याचा अर्थ उघड आहे. गाणे खाटांच्या रांगांमध्ये नको. नातेवाइकांच्या प्रतीक्षागृहात, बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरल्यावर किंवा स्वतंत्र खोलीत, ध्वनिक्षेपकाशिवाय आणि डॉक्टर-परिचारिकांच्या संमतीनेच ते व्हावे. रुग्ण उठून जाऊ शकत नाही. म्हणून त्याची 'नको' म्हणण्याची सोय कलावंतानेच राखायची असते. छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोहही तेथे आवरायलाच हवा.

मोल कुणी भरायचे?

गायक स्वेच्छेने विनामूल्य गातो, तेव्हा त्याच्याबरोबर तबलजी असतो आणि पेटीवाला असतो. त्यांनीही स्वयंसेवा पत्करली आहे का, हे बहुधा कुणी विचारत नाही. तबल्याची जोडी आणि तानपुरा दुचाकीवरून नेता येत नाही. रिक्षा करावी लागते. तबल्याची शाई निघाली, तानपुऱ्याचा भोपळा तडकला तर दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. साथीदाराची सायंकाळची शिकवणी बुडाली तर त्याचे त्या दिवसाचे उत्पन्न जाते. ही सारी रक्कम कुणाच्या तरी खिशातून जातच असते. फक्त ती दिसत नाही. घरची परिस्थिती बरी असलेला विद्यार्थी अशी सेवा वर्षानुवर्षे करू शकतो. शेतमजुराचा गुणी मुलगा करू शकत नाही. खर्च झाकून ठेवलेली सेवा त्यामुळे शेवटी सुखवस्तूंचाच उपक्रम होऊन बसते.

यावरचे उपाय अवघड नाहीत. प्रवासखर्च आणि साथीदारांचे मानधन यजमानाने किंवा आयोजक संस्थेने आधीच ठरवून द्यावे. ज्या समारंभाला मंडप, भोजन आणि रोषणाई यांसाठी पैसा आहे, तेथे 'समाजासाठी' म्हणून कलावंताला फुकट बोलावू नये. ती स्वयंसेवा नव्हे. संगीत विद्यालयांनी अशा कार्यक्रमांची नोंद ठेवावी आणि विद्यार्थ्याबरोबर निदान पहिल्या दोन-तीन वेळा शिक्षकाने जावे. एका ठिकाणी एकदाच जाऊन हारतुरे स्वीकारण्यापेक्षा दर महिन्याला त्याच शाळेत जावे. पहिल्या भेटीत मुले वाद्ये पाहतात आणि दुसऱ्या भेटीत प्रश्न विचारतात. तिसऱ्या भेटीपर्यंत एखादे मूल आपणहून तानपुऱ्याजवळ येऊन बसते. त्या मुलाला शिकायचे असेल तर त्याची फी कोण भरणार, याचे उत्तर जवळ असल्याशिवाय तिथवर जाण्यात फारसा अर्थ नाही.

वर्धा परिसरात हे सारे सहज जमण्याजोगे आहे. नालवाडीसारख्या, ना धड गाव ना धड शहर अशा वस्त्या, जवळच सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि तासाभराच्या अंतरावर नागपूरचे संगीतविश्व अशी तेथील रचना आहे. सभागृह बांधण्याची वाट पाहावी लागत नाही. पन्नास-साठ माणसे बसतील असा पार, समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा पुरतो आणि एवढ्या श्रोत्यांना ध्वनिक्षेपकाविना गाणे नीट ऐकू जाते. गळ्याचा खरा पोत आणि तानपुऱ्याची खरी आस अशाच अंतरावरून कळते. महागडे तिकीट काढून दूरच्या रांगेत बसणाऱ्या श्रोत्याला जे मिळत नाही, ते येथे पारावर बसलेल्याला मिळू शकते.